गस्तीच्या गाडीत चुकून राउंड सुटू नये म्हणून: हत्यार घेण्यापासून जमा करण्यापर्यंतचा क्रम

रेंजवर सगळे हत्यार नीट हाताळतात. तिथे उस्ताद डोक्यावर उभा असतो, हत्याराचे तोंड बटकडे (निशाणामागच्या मातीच्या ढिगाकडे) असते आणि घाई नसते. राउंड सुटतो तो गाडीत चढताना, उतरताना, किंवा रात्रपाळी संपवून हत्यार जमा करायच्या घाईत. बरीच वर्षे हत्यारांच्या कामात आणि नव्या शिपायांना शिकवण्यात गेल्यावर मला यामागे एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली. जे काम गाडीबाहेर, चुकून सुटलेली गोळी अडवणाऱ्या वाळूच्या पेटीसमोर व्हायला हवे, ते कुणीतरी सीटवर बसून केलेले असते. म्हणून हा सगळा लेख एका नियमाभोवती आहे: गाडीच्या आत हत्यार भरायचे नाही, खाली करायचे नाही, तपासायचे नाही आणि कुणाला दाखवायचेही नाही.

इथे डोळ्यांसमोर बोलेरो, स्कॉर्पिओ आणि मागे समोरासमोर बाकडी असलेली जुनी जीप आहे. हत्यारे म्हणजे इन्सास, एसएलआर, एके या रायफली, ९ एमएम कार्बाईन, ९ एमएम पिस्तूल, रिव्हॉल्वर आणि जिथे दिले आहे तिथे ग्लॉक पिस्तूल. तुमच्या घटकाचा लेखी आदेश वेगळा असेल तर तोच पाळा.

## टप्पा १: हत्यार हातात घेण्याआधी

आपल्या हत्याराचा स्वभाव माहीत करून घ्या. "सेफ्टी लावली आहे" हे वाक्य प्रत्येक हत्याराला सारखे लागू होत नाही.

एकेचा लीव्हर पूर्ण वर असेल तर हत्यार सेफ असते, पण त्या स्थितीत बोल्ट (राउंड आत ढकलणारा सरकता भाग) पूर्ण मागे येत नाही. म्हणजे चेंबर (नळीच्या मागची राउंड बसायची जागा) बघायचा तर सेफ्टी काढावीच लागते. सेफवरून लीव्हर खाली दाबला की पहिला टप्पा ऑटोचा येतो, सिंगलचा त्याच्याही खाली. घाईत बोटाने अर्धवट दाबलेला लीव्हर ऑटोवर थांबतो आणि मग चुकून सुटणारा राउंड एकटा नसतो.

९ एमएम कार्बाईन उघड्या बोल्टवर चालते. बोल्ट मागे अडकलेला असतो आणि पुढे सुटताना तोच राउंड उचलतो आणि फोडतो. रायफलवाल्याला बोल्ट पुढे असलेला पाहून निर्धास्त वाटते. इथे मॅगझिन लावलेले असेल तर निर्धास्त होऊ नका. या जातीचे हत्यार दणकन बुडावर आपटले, तर जड बोल्ट झटक्याने मागे जाऊन राउंड घेऊन पुढे येऊ शकतो. कार्बाईनचे मॅगझिन गाडीत पाऊचमध्येच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नाही. ट्रिगर मागे गेला की राउंड सुटतो, मग तो बोटाने जावो की कपड्याच्या घडीने. रिव्हॉल्वरचेही तसेच. जुन्या ९ एमएम पिस्तुलाची गोष्ट उलटी: मॅगझिन काढल्यावर ज्याचा ट्रिगर चालत नाही, अशा पिस्तुलात हॅमर सोडण्यासाठी रिकामे मॅगझिन परत लावावे लागते. पहाटे पाच वाजता खिशात एक भरलेले आणि एक रिकामे मॅगझिन असेल, तर कोणते लागेल हे नशिबावर सोडू नका. रिकाम्या मॅगझिनच्या तळाला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढा आणि ते शस्त्रागारातच ठेवा.

होल्स्टर त्याच पिस्तुलाचे हवे. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला गेला पाहिजे. कातडी होल्स्टर जुने झाले की तोंडाशी मऊ पडते, आणि पिस्तूल आत सरकवताना तीच मऊ कड ट्रिगर गार्डमध्ये दुमडते. असे होल्स्टर बदलून मागा.

रेनकोट घालून एकदा सराव करा. पावसाळ्यातली ही खास भानगड आहे. रेनकोटच्या कमरेची दोरी, तिच्या टोकाची प्लास्टिकची गोळी किंवा ओली कड पिस्तुलाबरोबर होल्स्टरमध्ये जाते आणि ट्रिगरमागे अडकते. दोऱ्या कापून टाका. शिट्टीची दोरी आणि पिस्तुलाचा लॅनयार्ड (ते अंगाला अडकवायची दोरी) दोन बाजूंना ठेवा.

वाळूची पेटी तयार आहे का बघा. दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम उभा ठेवायचा, खडे काढलेल्या कोरड्या वाळूने काठोकाठ भरायचा आणि वर पावसापासून झाकण. जागा शस्त्रागाराच्या दाराबाहेर, जिथून लोकांची ये-जा नाही. भिंत, फरशी, डांबर किंवा झाडाचे खोड याला पेटी म्हणत नाहीत. कडक पृष्ठभागावरून गोळी उसळते.

> पडताळणी: पेटीत वाळू काठापर्यंत आहे का? कुंडी किंवा कचऱ्याचा डबा म्हणून तिचा वापर सुरू झाला असेल तर आजच ती साफ करून घ्या.

## टप्पा २: हत्यार ताब्यात घेणे आणि भरणे

१. शस्त्रागार अंमलदार हत्यार मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून देईल. देत नसेल तर तसे मागा. सीनियर माणसाकडेही मागायला लाजू नका.

२. चेंबर डोळ्यांनी बघा, मग अंधार असो-नसो करंगळी घालून चाचपा. पहाटेच्या ट्यूबलाइटमध्ये पितळेचा राउंड आणि पितळी रंगाचे तेल सारखेच दिसतात.

३. राउंड मोजा आणि इश्यू रजिस्टरमध्ये आकडा स्वतः लिहा. वीसच्या मॅगझिनमध्ये वीस भरा की अठरा, पण लिहिलेला आकडा आणि भरलेला आकडा एकच असू द्या. संध्याकाळी याच आकड्यावरून कळेल की एक राउंड चेंबरमध्ये राहिला आहे.

४. पेटीकडे तोंड करून मॅगझिन लावा. लांब हत्यार असेल (कार्बाईन सोडून) तर इथेच थांबा: मॅगझिन लावलेले, चेंबर रिकामा, सेफ्टी लावलेली. कॉक करायचे (बोल्ट ओढून राउंड चेंबरमध्ये घ्यायचे) नाही. पिस्तुलाच्या चेंबरबाबत घटकाचा आदेश पाळा, पण गाडीतल्या सगळ्यांची स्थिती एकसारखी ठेवा. एकाचे भरलेले आणि दुसऱ्याचे रिकामे असले की घाईत हत्यारांची अदलाबदल होते.

५. जोडीदाराला मोठ्याने सांगा.

"साहेब, इन्सास, मॅगझिन लावलं, चेंबर रिकामा."

"बघितला. रिकामा."

मॅगझिन लावण्याआधी चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी न बघता दुसऱ्याने "बघितला" म्हणायचे नाही. हे दहा सेकंदांचे काम टाळून पुढे गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

> इशारा: जिथे रोज भरणे आणि खाली करणे होते, तिथे वरचा तोच राउंड रोज चेंबरला जाऊन येतो. त्याच्या टोपीवर (मागच्या बाजूला पिन आदळते ती जागा) बारीक खूण पडते किंवा गोळी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) आत दबते. खूण पडलेला किंवा इतरांपेक्षा आखूड दिसणारा राउंड बाजूला काढून आर्मोररला (हत्यारे दुरुस्त करणाऱ्याला) द्या. बाकीच्यांचा क्रमही बदलत राहा.

## टप्पा ३: गाडीत चढणे

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा भाग कुणी शिकवत नाही.

माणूस तोल जाताना, दचकताना, किंवा एका हाताने काहीतरी जोरात धरताना दुसरा हातही नकळत आवळतो. हे शरीरच करते, शिस्तीचा त्याच्याशी संबंध नाही. बोलेरोच्या मागच्या दारातून चढणारा शिपाई डाव्या हाताने हँडल धरून अंग वर ओढतो, तेव्हा उजव्या हातातली पिस्टल ग्रिपही तितक्याच जोराने आवळली जाते. त्या क्षणी बोट ट्रिगरवर असेल तर सेफ्टीशिवाय मध्ये काहीच उरत नाही. म्हणून चढताना हात हँडगार्डवर असू द्या. पिस्टल ग्रिपला धरून चढायचे नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी ड्रायव्हर बसेल आणि गाडी सुरू करून हँडब्रेक लावेल. ड्रायव्हरच्या मांडीवर किंवा पायाशी लांब हत्यार ठेवायचे नाही. ते ब्रेकखाली सरकते आणि तो वाकून उचलायला जातो.

२. लाठ्या, ढाल, हेल्मेट, टॉर्च आधी आत जातील आणि बांधल्या जातील. पायाशी मोकळी लोळणारी फायबरची लाठी बरोबर ट्रिगर गार्डमध्ये जाईल इतकी बारीक असते.

३. मग एकेक माणूस आपले हत्यार घेऊन चढेल. स्लिंग खांद्यावरून काढून हातात घ्या, नाहीतर ती दाराच्या कडीत अडकते आणि माणूस हत्यार हिसकतो.

४. हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचेच असेल तर खाली उभे राहून, मॅगझिन काढून, चेंबर दाखवून द्या.

पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्या उजव्या हाताच्या अधिकाऱ्यासाठी वेगळी सूचना. आपल्याकडे गाडी उजव्या हाताची असल्याने त्या सीटचे सीटबेल्टचे बक्कल नेमके उजव्या कमरेशी, होल्स्टरला लागूनच येते. अंधारात बक्कल चाचपणारी बोटे पिस्तुलावर जातात आणि बेल्टची जीभ होल्स्टरच्या तोंडाशी खुपसली जाते. बेल्ट लावताना डोळ्यांनी बघून लावा. होल्स्टरचे बटण आधीच बंद हवे. बेल्टच न लावणे हा यावरचा उपाय नाही.

> पडताळणी: सगळे बसल्यावर गाडीचा अंमलदार मागे वळून प्रत्येक हत्याराचे तोंड बघेल, आणि मगच गाडी हलेल.

## टप्पा ४: चालत्या गाडीत

तोंड वर की खाली, यावर वाद होतात. वर धरले तर राउंड टपातून जातो, पण मध्ये कुणाचे डोके येऊ शकते. खाली धरले तर खाली पाय, टायर आणि डिझेलची टाकी आहे. दोन्हीला कारणे आहेत, म्हणून एका गाडीत सगळ्यांनी एकच पद्धत पाळावी. माझ्या अनुभवात लांब रायफल बुड खाली, तोंड वर आणि बाहेरच्या खांबाकडे कललेले ही पद्धत जीपमध्ये पाळायला सोपी जाते. मांडीवर आडवे हत्यार मात्र कधीही चालणार नाही. समोरच्या बाकड्यावरचा माणूस त्याच्या रेषेत बसलेला असतो.

बॅरलच्या तोंडावर हनुवटी टेकवून डुलकी घेणे आणि दोन्ही तळवे तोंडावर ठेवून वर हनुवटी टेकणे, या दोन सवयी रात्रीच्या बंदोबस्तात जवळजवळ प्रत्येक गाडीत दिसतात. गतिरोधकावर गाडी आपटली की बुड आपटते आणि तोंड कवटीखाली असते. शेजारच्याला असे बघितले तर झोपमोड करा, राग आला तरी चालेल.

एमडीटीवर (गाडीतल्या डेटा टर्मिनलच्या पडद्यावर) कॉल आला की टाइप करायला हात मोकळे करावे लागतात आणि हत्यार सीटवर टेकवले जाते. ते रॅकमध्ये द्या किंवा मागच्याने धरावे. सीट आणि दाराच्या फटीत खोचलेले हत्यार दार उघडताच खाली पडते.

> इशारा: पडणारे हत्यार झेलायला जाऊ नका. झेलणारे बोट ट्रिगर गार्डमध्येच शिरते. पडू द्या, मग उचला.

## टप्पा ५: घटनास्थळी उतरणे आणि परत चढणे

उतरताना रॅकमधले हत्यार तोंडाकडून धरून आपल्याकडे ओढायचे नाही. बुडाकडून धरा. दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावर, धोका समोर असेल किंवा आदेश असेल तेव्हाच कॉक करायचे.

सगळ्यात मोठी फट याच्या पुढे आहे. प्रकार शांत झाला, जमाव पांगला, सगळे हुश्श करतात आणि "चला, बसा" म्हणून गाडीत चढतात. ज्याने मघाशी कॉक केले त्याच्या चेंबरमध्ये राउंड तसाच असतो, आणि ठाण्यावर पोचेपर्यंत तो स्वतःही विसरलेला असतो.

म्हणून परत चढण्याआधी गाडीच्या अंमलदाराने प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे: "कॉक केलं होतंस का?" ज्याने केले असेल त्याने लोकांपासून दूर, नांगरलेल्या किंवा मऊ मातीकडे तिरके तोंड करून, पायांपासून लांब, टप्पा ७ च्या क्रमाने खाली करावे. मुरूम, खडक, डांबर, गटाराचे काँक्रीट चालणार नाही. सुरक्षित जागाच नसेल तर सेफ्टी लावा, अंमलदाराला सांगा, तो हत्यारवाला शेवटी चढेल, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून हे काम करा.

आरोपी गाडीत असेल तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे हत्यार नसावे. असलेच तर होल्स्टर आरोपीच्या विरुद्ध बाजूला हवे.

## टप्पा ६: पकडलेला गावठी कट्टा

जप्तीतले हत्यार गाडीत घेताना लोक सरकारी हत्यारापेक्षाही निष्काळजी असतात. गावठी कट्ट्याला बहुधा भरवशाची सेफ्टी नसते, स्प्रिंग कुठल्या तरी दुसऱ्याच वस्तूची असते आणि नुसत्या आपटण्याने तो फुटू शकतो. पंचनामा आणि व्हिडिओ चित्रीकरण चालू असतानाच, हातमोजे घालून, सुरक्षित दिशेकडे तोंड करून तो जागेवरच खाली करा. उघडत नसेल, राउंड अडकला असेल, तर झटापट करू नका. जागा मोकळी करा, पहारा ठेवा आणि आर्मोररला बोलवा. भरलेला कट्टा खिशात, डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा मुद्देमालाच्या पिशवीत टाकून ठाण्यावर आणायचा नाही. खाली केलेला कट्टा आणि काडतुसे वेगवेगळ्या पाकिटांत सील करा.

## टप्पा ७: परतल्यावर खाली करणे

एका पावसाळ्यात आमच्या गाडीत रात्री तीनच्या सुमारास राउंड सुटला. शिपाई चांगला होता, नेमबाजीत पुढे. ठाण्याच्या आवारात गाडी थांबली, बाहेर धो धो पाऊस, म्हणून त्याने आत बसूनच इन्सास खाली करायला घेतली. कॉकिंग हँडल ओढले, एक राउंड टणकन फळीवर पडला. त्याला वाटले झाले. मग मॅगझिन काढले आणि ट्रिगर दाबला. टपाला बोटाएवढे भोक पडले. कुणाला लागले नाही, पण ड्रायव्हरच्या कानातला आवाज कित्येक आठवडे गेला नाही. ते भोक नंतर एम-सीलने बुजवले, तरी प्रत्येक पावसात मधल्या सीटवर थेंब पडायचा.

त्याने दोन्ही कामे केली होती, फक्त क्रम उलटा. मॅगझिन लावलेले असताना कॉक केले की पहिला राउंड बाहेर येतो आणि त्याच झटक्यात दुसरा आत जातो. नंतर मॅगझिन काढून उपयोग काय?

बरोबर क्रम, मॅगझिन लावलेल्या रायफल आणि पिस्तुलासाठी:

१. गाडीतून उतरा. पाऊस असो. एका वेळी एकच माणूस पेटीसमोर, बाकीचे मागे.

२. तोंड वाळूत. बोट ट्रिगर गार्डबाहेर, सरळ.

३. आधी मॅगझिन काढा आणि पाऊचमध्ये ठेवा. दुसऱ्या हातात धरून पुढचे काम करू नका.

४. एकेसारखे हत्यार असेल तर आता सेफ्टी काढा. बोल्ट किंवा स्लाइड तीन वेळा पूर्ण मागे ओढा. राउंड बाहेर आला तर तो जमिनीवर पडू द्या. हत्याराच्या खिडकीवर (जिथून राउंड बाहेर पडतो) तळवा ठेवून झेलायची सवय असेल तर सोडा, टोपीवर ठोका बसला तर राउंड तळव्यातच फुटतो.

५. तिन्ही वेळा राउंड बाहेर येत राहिला तर मॅगझिन निघालेलेच नाही. थांबा, पायरी ३ पासून पुन्हा.

६. बोल्ट मागे अडकवा; एकेसारख्या हत्याराचा अडकत नाही, तो हाताने मागे धरून ठेवा. चेंबर बघा, करंगळीने चाचपा, जोडीदाराला दाखवा.

७. बोल्ट पुढे सोडा, तोंड वाळूतच ठेवून ट्रिगर दाबा, सेफ्टी लावा.

कार्बाईनला मॅगझिन काढल्यावर बोल्ट हाताने धरून सावकाश पुढे न्या. रिव्हॉल्वरचा सिलिंडर उघडून सगळ्या घरांतले राउंड तळहातावर काढून मोजा.

> पडताळणी: सकाळी लिहिलेला आकडा आणि आत्ताचा आकडा जुळतो का? एक कमी असेल तर खिसे चाचपण्याआधी चेंबर पुन्हा बघा. आकडा जुळेपर्यंत पेटीसमोरून कुणी हलणार नाही.

## टप्पा ८: गाडीचा ताबा देणे

सीटखाली, फटीत, रॅकमागे टॉर्च मारून बघा. मोकळा राउंड, विसरलेले मॅगझिन किंवा चक्क पिस्तूल सापडते. "रॅकमधलं तसंच राहू दे, पुढच्या पाळीला लागेलच" असे म्हणून हत्यार गाडीतच सोपवू नका. ते बाहेर काढा, पेटीसमोर दाखवा, मग द्या. येणारा माणूस नेहमी भरलेलेच समजून हातात घेईल.

## तरीही राउंड सुटला तर

ड्रायव्हरने गाडी एकदम न थांबवता बाजूला घ्यावी. प्रत्येकाने आपले अंग हाताने चाचपून बघावे. जखम झाल्यावरही पहिली काही मिनिटे अनेकदा कळत नाही. रक्त येत असेल तर घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन करा. हत्याराचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोट बाहेर काढा, सेफ्टी लावा. पुढचा राउंड आत गेलेला असू शकतो, हे विसरू नका. गोळी टपातून किंवा दारातून बाहेर गेली असेल तर त्या दिशेला माणूस, घर, दुसरी गाडी आहे का ते जाऊन बघा. हे सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

नियंत्रण कक्षाला लगेच कळवा, स्टेशन डायरीला वेळेसह नोंद घ्या, पुंगळी उचलू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हयगयीने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कुणाचे जीवित धोक्यात आणल्यास कलम १२५ लागू शकते. त्या भीतीने पुंगळी लपवणारे, भोक बुजवणारे, राउंड रेंजवर उडाला असे लिहिणारे लोक स्वतःवर आणखी गुन्हे ओढवून घेतात. हत्यार आर्मोररकडे जाईपर्यंत त्याच स्थितीत ठेवा आणि त्या शिपायाला एकटे सोडू नका. त्याचे हात अजून थरथरत असतात, त्या रात्री त्याला दुसरे हत्यार देऊ नका.